स्तनकर्करोग-चाळणी, मध्यम वयातील

गाठ, स्राव अशी कोणतीही तक्रार नसलेल्या, साधारण चाळिशी ते सत्तरीतल्या स्त्रियांची ठरावीक मुदतीने केलेली स्तनतपासणी. बोलण्यात ‘स्क्रीनिंग’ हाच शब्द रुळला आहे. मुख्य साधने दोन : मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा क्ष-किरण फोटो, आणि प्रशिक्षित हातांनी केलेली चाचपणी.

ब्रिटनमध्ये १९८८ पासून पन्नाशीपुढच्या स्त्रियांना दर ३ वर्षांनी मॅमोग्राफीला बोलावतात. त्याचा जमाखर्च मायकेल मार्मट यांच्या समितीने २०१२ मध्ये मांडला. पन्नाशीपासून २० वर्षे बोलावलेल्या १०,००० स्त्रियांमागे ४३ मृत्यू टळतात; पण १२९ स्त्रियांना असा कर्करोग सापडतो, जो शोधला नसता तर जन्मभर कळलाही नसता. हे अतिनिदान. त्या १२९ जणी कोणत्या हे कोणत्याच डॉक्टरला सांगता येत नाही, म्हणून शस्त्रक्रिया आणि किरणोपचार त्यांनाही चुकत नाहीत.

चाळिशीत हिशेब आणखी अवघड होतो. या वयात स्तन बहुधा घट्ट असतात. फोटोत घट्ट ऊतीही पांढरी, गाठही पांढरी. त्यामुळे काही गाठी निसटतात आणि निरोगी बायकांनाही पुन्हा फोटो, कधी बायोप्सी, आणि अहवाल येईपर्यंतचा घोर सोसावा लागतो. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये सरसकट तपासणी पन्नाशीपासून करा म्हटले, २०२४ मध्ये चाळिशीपासून, दर २ वर्षांनी.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून नुसत्या हाताची परीक्षा घेतली. झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी, एकूण चार वेळा चाचपणी केली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडलेले रोगी उरलेल्या वस्त्यांतल्या ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के होते. मृत्यू मात्र १५ टक्क्यांनीच घटले, आणि ती घट योगायोगाचीही असू शकते. लवकर सापडणे आणि जीव वाचणे यांत अंतर असते, ते असे. पन्नाशीपुढे घट सुमारे ३० टक्के, त्याखाली जवळपास नाही. अर्थात ही वयवारी आकडे हाती आल्यावर केलेली आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी चाचपणीच स्वीकारली, पण ३० ते ६५ वयासाठी आणि दर ५ वर्षांनी. मुंबईत तपासले गेले होते ते अंतर याच्या निम्म्याहून कमी.