सौरवात

सूर्याच्या किरीटातून, म्हणजे करोनातून, सर्व दिशांना अखंड वाहणारा प्लाझ्माचा प्रवाह. त्यात मुख्यतः प्रोटॉन व इलेक्ट्रॉन असतात, थोडी हीलियमची अणुकेंद्रे आणि अत्यल्प जड आयन. सूर्य या वाटेने दर सेकंदाला दहा लाख टनांहून अधिक द्रव्य गमावतो, तरी पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन सापडतात. वेग सेकंदाला सुमारे ३०० ते ८०० किमी.; वेगवान प्रवाह किरीट-विवरांतून, म्हणजे क्षेत्ररेषा बाहेर मोकळ्या सुटलेल्या किरीटाच्या विरळ भागांतून, निघतो, संथ प्रवाहाचा उगम अजून वादाचा आहे.

धूमकेतूची आयनांची शेपटी सूर्यापासून दूर ढकलली जाते. नुसत्या प्रकाशदाबाने हे घडणार नाही, सूर्यातून कणांचा अखंड प्रवाह सुटत असला पाहिजे, असे लुडविग बीरमान यांनी १९५१ मध्ये मांडले. सूर्यातून असा प्रवाह मुळात का सुटावा, याचे उत्तर यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये दिले. दहा लाख केल्व्हिनहून तप्त किरीट स्थिर मानले, तर फार दूरवरही त्याचा दाब इतका उरतो की आंतरतारकीय वायू तो पेलू शकणार नाही. म्हणून किरीटाला वाहावेच लागते. सूर्याजवळ ध्वनिवेगाहून मंद, पुढे त्याहून जलद. हा युक्तिवाद विसाव्या शतकातील खगोलभौतिकीच्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी आहे. तरीही पार्कर यांनी तो मांडलेला लेख नियतकालिकाच्या दोन्ही परीक्षकांनी नाकारला. संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनाही कल्पना पटली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने प्रवाहाचे सातत्य सिद्ध केले.

पृथ्वीजवळ या कणांच्या दोन टकरींमधले सरासरी अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या घरात जाते. एवढ्या विरळ कणांनी द्रवासारखे एकसंध वागावे, हे चुंबकीय क्षेत्रामुळे शक्य होते. क्षेत्ररेषा प्लाझ्मात जखडलेल्या असतात; एक टोक फिरत्या सूर्यात रुतलेले, दुसरे वाऱ्याबरोबर बाहेर जाणारे. त्यामुळे त्यांची सर्पिले बनतात व पृथ्वीजवळ त्या सूर्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन करतात.

सूर्यापासून ठरावीक अंतरापलीकडे प्रवाहाचा वेग आल्फव्हेन तरंगांच्या, म्हणजे क्षेत्ररेषांवरून धावणाऱ्या तरंगांच्या, वेगाहून जास्त होतो. तिथून तरंग सूर्याकडे परतू शकत नाहीत. ही सीमा पार्कर सोलर प्रोब यानाने एप्रिल २०२१ मध्ये प्रथम ओलांडली. दुसऱ्या टोकाला, सुमारे १२१ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर), सौरवाताचे क्षेत्र संपते. व्हॉयेजर-१ यानाने ते २०१२ मध्ये मागे टाकले.

बाहेर जाताना होणाऱ्या प्रसरणामुळे प्लाझ्मा जितका निवायला हवा तितका तो निवत नाही. कारण त्याच्या खळबळीतील मोठे भोवरे फुटत, क्षेत्ररेषांभोवती फिरणाऱ्या आयनांच्या परिभ्रमण-त्रिज्येइतके लहान होतात आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत उतरते. ती प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्यात कशी वाटली जाते, हा आजचा कळीचा प्रश्न आहे. जानेवारी २०२४ मध्ये सूर्य व पृथ्वी यांच्या दरम्यानच्या एल-१ या समतोल बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावरील ‘ॲस्पेक्स’ व ‘पापा’ ही उपकरणे तिथल्या सौरवातातील कणांचे मापन करतात.