उष्टी हळद: अंगाच्या वासाची कुळकथा

नवरीच्या मांडवात सकाळपासून एकच विचारणा चाललेली असते, "नवरदेवाची हयद आली का वं?" नवरदेव अकोल्याचा आणि नवरी बडनेऱ्याची असली, की हळद आगगाडीनं येते. बडनेरा हे मुंबई-नागपूर मार्गावरचं जंक्शन, अमरावतीचा फाटा इथूनच फुटतो. लग्नसराईत इथे उतरणाऱ्या सामानात स्टीलचा एखादा डबा जपून धरलेला दिसला, तर त्यात ओली हळद असण्याचा संभव फार. ती नवरदेवाला लावून उरलेली असते. काही घरी त्याच्या दंडाखांद्यावरची थोडी निपटून त्यात मिसळतात. तीच नवरीला लावायची, म्हणून ती उष्टी.

दोघं एक व्हावीत म्हणून, असं मोठ्या बायका सांगतात. मला त्यात नाकाचाही भाग दिसतो. मे महिन्यातलं वऱ्हाडचं ऊन, पाटावर बसवलेला, घामानं निथळणारा मुलगा आणि त्याच्या अंगावरून आलेली हळद. जुन्या काळी नवरानवरीनं एकमेकांना धड पाहिलेलंही नसे. अशा वेळी त्याच्या अंगाची पहिली ओळख नवरीला या हळदीतूनच होत असणार. ही रीत कुणी, कधी सुरू केली याचा कागद नाही. पण अंगाचा वास आणि ओढ यांचं नातं आपल्या लोकांनी किती मनावर घेतलं होतं, याचे कागद भरपूर आहेत.

महाभारतातली सत्यवती बघा. तिच्या अंगाला माशांचा वास होता, तरी पराशर तिच्यावर मोहित झाला. सुगंधाचा वर तिला नंतर मिळाला. पुढे शंतनू यमुनाकाठी आला तो मात्र त्या दरवळाचा माग काढतच. एकाच बाईवर, अंगाला दोन वेगळे वास असताना, दोन पुरुष भुलले, आणि या दोन भुलण्यांतून कुरुवंशाची सगळी कथा पुढे सरकली. वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये तिच्यावर नाटक लिहिलं, तेव्हा नाव तिच्या पहिल्या वासाचंच ठेवलं, 'मत्स्यगंधा'.

सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त सुगंध बनवण्यावर अख्खा अध्याय लिहिला आणि सोळा द्रव्यांपासून १,७४,७२० मिश्रणं होतात असा हिशेब मांडला. हा अध्याय त्यानं स्त्रीपुरुषांच्या मिलनाविषयीच्या अध्यायांच्या शेजारी ठेवला, हे मला त्या आकड्याहून मोलाचं वाटतं. पुढे कोक्कोकाच्या 'रतिरहस्या'त तर पद्मिनी जातीची स्त्री ओळखायची ती अंगाच्या कमळगंधावरून. ११२९ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर 'मानसोल्लासा'त सुगंधी तेल, अंगाला चोळायची चूर्णं आणि लेप यांचे पाठ देतो.

आपल्या जवळचा धागा सापडतो तो पुण्यात. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४०च्या दशकात तिथल्या हस्तलिखितांतून दोन ग्रंथ उजेडात आणले. गंगाधराचा 'गंधसार' आणि अनाम कर्त्याचा 'गंधवाद'. 'गंधवादा'वरची टीका चक्क मराठीत आहे आणि गोड्यांच्या मते ती १३५० ते १५५० या काळातली. म्हणजे ज्ञानेश्वरांनंतर साधारण पन्नास ते अडीचशे वर्षांत कुणीतरी मराठी माणूस सुगंधाच्या कृती आपल्या भाषेत समजावत बसला होता. 'गंधसारा'त भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया येतात. वासन म्हणजे वास मुरवणं. तिळावर मोगऱ्याचा थर द्यायचा, फुलं कोमेजली की ताजी घालायची, मग ते तीळ घाण्यात घालायचे. तेल तिळाचंच निघतं, पण मोगऱ्याच्या वासाचं. उष्ट्या हळदीत हीच क्रिया आहे, फक्त फुलाच्या जागी माणूस.

आता विज्ञान सांगतं की ताज्या घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. वयात आल्यावर काखेतल्या विशिष्ट ग्रंथी कामाला लागतात आणि त्यांचा स्राव कातडीवरचे जिवाणू फोडतात, तेव्हा वास सुटतो. हळदीतलं करक्युमिन जिवाणूंची वाढ रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टीशर्ट घालायला लावला आणि ते ४९ स्त्रियांना हुंगायला दिले. ज्यांची रोगप्रतिकाराची जनुकं आपल्याहून वेगळी, त्यांचा वास स्त्रियांना जास्त आवडला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचा कौल उलट पडला. नंतरच्या प्रयोगांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत, आणि माणसात ओढ लावणारं एखादं ठरावीक रसायन अजून सिद्ध झालेलं नाही. बाटलीत वशीकरण भरून विकणाऱ्यांवर म्हणून विश्वास ठेवू नये.

आमच्याकडे उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा आणि वरूड-मोर्शीच्या संत्र्यांची वाळवलेली साल पडते. त्यानं अंगाचा वास पुसला जात नाही, त्यात मिसळतो. अंगाचा वास म्हणजे लाज, ही समजूत जाहिरातींनी रुजवली आणि ती मला मनापासून खुपते. हल्ली बऱ्याचदा दोन्ही पक्ष एकाच मंगल कार्यालयात उतरतात, हळद तयार पाकिटातली असते आणि डब्याचा प्रवास एका खोलीतून दुसऱ्या खोलीपुरता उरला आहे. तरीही नवरदेवाला लागल्याशिवाय नवरीला हळद लावायला बायका तयार होत नाहीत.