शेतावरील मांजर

धान्यकोठार, गोठा, तबेला किंवा शेतघर यांच्या आश्रयाने राहून उंदीर व घुशी यांपासून धान्याचे आणि वैरणीचे रक्षण करणारे पाळीव मांजर. गाय, मेंढी, घोडा इ. प्राणी माणसाने कळपात कोंडून वा बांधून माणसाळविले; मांजर मात्र साठविलेल्या धान्याकडे आलेल्या उंदरांच्या मागोमाग आपण होऊन वस्तीत आले, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे मांजर कामापुरते ठेवावे, त्याचे पोट त्याने स्वतःच भरावे, ही समजूत कृषिसमाजात दीर्घकाळ रूढ राहिली. निराश्रित मांजरे सोडवून ती शेतकऱ्यांना दत्तक देण्याची प्रथा विसाव्या शतकात पुढे आली, तेव्हा मांजराचा उपयोग आणि त्याची निगा यांचा संबंध नव्याने तपासावा लागला.

प्राचीन काळ : पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका यांतील रानमांजर (फेलिस लिबिका) हा होय. सायप्रस बेटावरील शिलूरोकांबोस येथे सु. ९,५०० वर्षांपूर्वीच्या नवाश्मयुगीन दफनात माणसाच्या शेजारी सु. आठ महिन्यांचे मांजर पुरलेले आढळले. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. या बेटावर मांजराची मूळची जाती नव्हती. म्हणजे पहिल्या शेतकऱ्यांनी ते बी-बियाणे व गुरे यांच्याबरोबर नावेतून तेथे नेले असले पाहिजे. चीनमधील च्वानहूत्सुन येथे सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या बाजरीवर्गीय धान्य पिकविणाऱ्या गावात मांजरांची हाडे मिळाली. त्यांच्या रासायनिक परीक्षणावरून ही मांजरे धान्य खाणाऱ्या लहान प्राण्यांवर जगत होती, असे दिसून आले. त्यांतील एक मांजर दात झिजेपर्यंत जगले होते आणि दुसऱ्याच्या आहारात अपेक्षेपेक्षा मांस कमी आणि धान्याचे प्रमाण अधिक होते. पुढील अभ्यासात ही हाडे बिबट्यासारखे ठिपके असलेल्या एका वेगळ्याच रानटी जातीची ठरली. तथापि, माणसाने मांजराला आपल्या अन्नातील वाटा दिला असावा, हे सुचविणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक जुना पुरावा होय.

ईजिप्तमध्ये मांजराला देवत्व लाभले. घरातील मांजर मेल्यास घरची माणसे भुवया काढून टाकीत, अशी नोंद हीरॉडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात केली आहे. या आदराचा शेवट मात्र विलक्षण झाला. बेनी हसन येथे सापडलेल्या मांजरांच्या ममींपैकी सु. १९ टन ममी १८९० मध्ये लिव्हरपूल येथे नेण्यात आल्या आणि शेतखत म्हणून त्यांचा लिलाव झाला.

यूरोपातील मांजराचे मूल्य : २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार पाळीव मांजर उत्तर आफ्रिकेतून यूरोपात सु. २,००० वर्षांपूर्वी पसरले. रोमन कृषिलेखक पलेडियस याने आर्टिचोकच्या वाफ्यांत चिचुंदरीसारखे बिळे करणारे प्राणी शिरू नयेत म्हणून मांजरे ठेवण्याचा सल्ला दिला आहे. वेल्समध्ये दहाव्या शतकातील राजा हवेल द्दा याच्या नावे प्रचलित असलेल्या कायद्यांत मांजराची किंमतच ठरवून दिलेली आढळते. डोळे उघडण्यापूर्वी पिलाची किंमत एक पेनी, उंदीर मारू लागेपर्यंत दोन पेन्स आणि त्यानंतर चार पेन्स. मांजरीचे डोळे, कान व नखे शाबूत असावीत, तिने उंदीर मारावेत आणि स्वतःची पिले न खाता ती वाढवावीत, अशी अपेक्षा होती. राजाच्या कोठाराचे मांजर कोणी मारले वा चोरले, तर त्याचे डोके जमिनीला टेकवून शेपटी वर धरीत आणि तिचे टोक झाकले जाईपर्यंत गहू ओतीत. तेवढा गहू गुन्हेगाराने भरून द्यावयाचा असे. मांजर नसल्याने कोठारातून किती धान्य जाईल, याचे हे जणू मापच होते. त्या काळच्या अशा नियमांत मांजराच्या कामाला भाव आहे. मांजराप्रत मालकाचे कर्तव्य काय, याचा विचार मात्र नाही.

शेतीव्यवस्थेतील मांजराचे स्थान चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये द ऑरिजिन ऑफ स्पीशीज या ग्रंथात वेगळ्या अंगाने दाखविले. मांजरे उंदरांची संख्या कमी ठेवतात. उंदीर कमी असले म्हणजे भुंग्यांची पोळी वाचतात आणि भुंगे टिकले म्हणजे तांबड्या क्लोव्हरचे परागण होते, अशी साखळी त्यांनी मांडली. भारतात प्लेगच्या साथीनंतर, १९०८ च्या सुमारास, मध्य प्रांत व वऱ्हाड या भागांत काम केलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्रू ब्यूकॅनन यांनी प्लेग रोखण्यासाठी मांजरे पाळावीत, असा आग्रह धरला.

उपाशी मांजराचा समज : भुकेले मांजर चांगली शिकार करते, हा शेतकऱ्यांमधील समज सर्वत्र आढळतो. ऑक्सफर्डचे परिस्थितिवैज्ञानिक चार्ल्स एल्टन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात शेतावरील प्रत्यक्ष निरीक्षणे मांडली. घुशींनी आधीच व्यापलेले शेतघर मांजरे मोकळे करू शकत नाहीत. परंतु घुशी एकदा काढून टाकल्यावर त्यांना परत येऊ न देण्याचे काम मांजरे उत्तम करतात. मात्र त्यासाठी मांजरांना दूध वा अन्य खाद्य नियमित द्यावे लागते. न दिल्यास ती भक्ष्याच्या शोधात दूर जातात आणि कोठार उघडे पडते. त्यांचा प्रभावही इमारतींपासून सु. ५० यार्डांपर्यंतच जाणवतो. उपासमारीने मांजर कोठारापासून तुटते, हा या निरीक्षणांचा मथितार्थ होय.

सोडविलेली मांजरे : लंडन येथे १८६० मध्ये स्थापन झालेल्या व पुढे बॅटर्सी येथे हलविलेल्या प्राणी-आश्रयगृहात १८८३ पासून मांजरे घेतली जाऊ लागली. बॉस्टन येथील ॲनिमल रेस्क्यू लीग १८९९ मध्ये आणि इंग्लंडमधील कॅट्स प्रोटेक्शन लीग १९२७ मध्ये स्थापन झाली. मांजराचे पिलू वयाच्या सु. दोन ते सात आठवड्यांच्या काळात माणसांच्या सहवासात न आल्यास पुढे घरात रुळणे कठीण जाते. अशा बुजऱ्या मांजरांना घर मिळत नसे आणि आश्रयगृहात त्यांना बहुधा मरण दिले जाई. १९७० नंतर मांजरे पकडून, निर्बीज करून पुन्हा सोडण्याची पद्धत ब्रिटन, डेन्मार्क इ. देशांत रूढ होऊ लागली. मूळ जागी परत सोडणे शक्य नसलेल्या मांजरांना ब्रिटन व अमेरिकेतील अनेक संस्था शेतघरे आणि तबेले मिळवून देतात. अशा मांजराच्या दृष्टीने शेत हा जीव वाचविणारा पर्याय ठरतो. तथापि, मोकळे सोडणे म्हणजे सांभाळणे नव्हे.

निगा : शेतावर आणलेले मांजर लगेच सोडल्यास ते जुन्या जागेच्या शोधात निघून जाते. म्हणून त्याला सु. तीन ते चार आठवडे बंद खोलीत वा मोठ्या पिंजऱ्यात, लपण्यास जागा देऊन ठेवतात. या काळात नवा परिसर, त्याचे वास आणि खाद्य देणारी व्यक्ती यांची त्याला सवय होते. एकमेकांची ओळख असलेली दोन मांजरे एकत्र आणणे अधिक चांगले. खाद्य ठराविक वेळी द्यावे. संध्याकाळी खाद्य देऊन मांजर कोठारात कोंडल्यास रात्रीच्या हिंस्र प्राण्यांपासून व वाहनांपासून त्याचा बचाव होतो. केवळ भात-भाकरीवर मांजर निरोगी राहत नाही. टॉरिन या द्रव्याच्या अभावी त्याच्या डोळ्यांतील जालपटलाचा ऱ्हास होतो, हे १९७५ मध्ये व हृदयस्नायू दुर्बल होतात, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. हे द्रव्य प्राणिज अन्नातून मिळते. दूध हे पाण्याची जागा घेऊ शकत नाही आणि अनेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही. गोठ्यातील मांजराला धारेचे दूध पाजण्याची जुनी रीतही निर्धोक राहिलेली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात पक्षिज्वराच्या एच५एन१ विषाणूची बाधा झालेल्या गायींचे कच्चे दूध प्यायलेली एका गोठ्यातील सु. निम्मी मांजरे दगावली.

मांजरी चार ते सहा महिन्यांच्या वयात माजावर येऊ शकते आणि गर्भावधी सु. नऊ आठवड्यांचा असतो. म्हणून निर्बीजीकरण अगत्याचे ठरते. त्यामुळे शिकारीची प्रवृत्ती नाहीशी होत नाही. स्कॉटलंडमध्ये शेतावरील मांजरांशी झालेल्या संकरामुळे तेथील रानमांजराची जाती नष्टप्राय झाली असून २०२३ पासून केर्नगॉर्म्स भागात तिचे पुनर्वसन केले जात आहे. अलर्क रोग व पॅनल्युकोपेनिया यांच्या प्रतिबंधक लसी आणि वेळोवेळी जंतनाशक देणे आवश्यक असते. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे मेंढ्या गाभडतात. यास्तव पशुखाद्य झाकून ठेवतात. वॉर्फरिनसारख्या विषांनी मेलेले उंदीर खाऊन मांजरासही विषबाधा होऊ शकते, म्हणून मांजर आणि उंदराचे विष ही एकाच शेतावर असू नयेत. इंजिनात वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल व कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिन ही द्रव्ये मांजराला प्राणघातक असतात. थंडीत मांजर ट्रॅक्टरच्या उबदार इंजिनाजवळ झोपते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहून घेणे इष्ट.

कायदेशीर स्थान : भारतातील प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० आणि ब्रिटनमधील प्राणिकल्याण अधिनियम, २००६ यांनी प्राणी ताब्यात असणाऱ्या व्यक्तीवर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकली आहे. वेल्सच्या जुन्या कायद्याने मांजराची किंमत गव्हात मोजली. आधुनिक कायद्याने त्या किमतीला कर्तव्याची जोड दिली. पोटभर खाणारे, निर्बीज केलेले व रात्री निवारा असलेले मांजरच कोठाराजवळ टिकते. म्हणून शेतावर या कर्तव्याचा आणि धान्यरक्षणाच्या गरजेचा मेळ सहज बसतो.