चितेपर्यंतचे तास

स्मुर्णाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीरचे, वृद्ध बिशप पॉलिकार्प जिवंत जाळले गेले. कॅथलिक पंचांगात 23 फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन. साल इ.स. 155 च्या सुमाराचे. स्मुर्णाच्या ख्रिस्ती मंडळीने फिलोमेलियम नगरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रामुळे हा घटनाक्रम आपल्यापर्यंत आला.

अटकेच्या तीन दिवस आधी
स्मुर्णाच्या क्रीडांगणात ख्रिस्ती लोकांविरुद्ध खवळलेली गर्दी पॉलिकार्पांना मागते आहे. ते शहर सोडायला तयार नव्हते; सोबत्यांच्या आग्रहाखातर जवळच्या शेतावर गेले. प्रार्थना करताना त्यांना आपली उशी पेटलेली दिसते. आपण जळून मरणार, हे ते सोबत्यांना सांगतात.

शुक्रवार, जेवणवेळ
शोध जवळ आल्याने ते दुसऱ्या शेतावर हलले आहेत. दोन दास मुले पकडली गेली; छळ असह्य होऊन एकाने ठिकाण सांगितले. त्याला पुढे घालून घोडेस्वार निघतात.

शुक्रवार, उशिरा रात्री
अजूनही निसटता येईल. पॉलिकार्प माडीवरून खाली उतरतात, आलेल्या शिपायांना जेवू घालायला सांगतात आणि प्रार्थनेसाठी एक तास मागतात. उभ्यानेच दोन तास प्रार्थना चालते. आयुष्यात भेटलेली लहानथोर सगळी माणसे तिच्यात येतात. अशा म्हाताऱ्याला धरायला आल्याचा काही शिपायांना पस्तावा होतो.

शनिवार
गाढवावरून शहराकडे. वाटेत पोलिसप्रमुख हेरोद आणि त्याचा बाप निकेतस त्यांना आपल्या गाडीत घेतात: कैसराला प्रभू म्हणा, सुटाल. नकार मिळताच खाली ढकलतात. नडगी सोलवटते, ते झपाझप चालत राहतात.

क्रीडांगणात प्रांताधिपती स्टेशियस क्वाड्रेटस ख्रिस्ताची निंदा करायला सांगतो. 86 वर्षे ज्याची सेवा केली त्याची निंदा पॉलिकार्प करत नाहीत. आधी श्वापदांची धमकी, मग आगीची. लोक सिंह मागतात. पण प्राण्यांचे खेळ संपलेले असतात. मग कारखान्यांतून, स्नानगृहांतून लाकडे येतात.

आठवा तास, दुपारी दोनच्या सुमारास
खिळे ठोकायची गरज नाही, असे ते सांगतात. म्हणून नुसते हात मागे बांधतात. प्रार्थना संपताच चिता पेटते. आगीने देह संपेना, असे पत्र सांगते. अखेर खंजीर खुपसला जातो.

त्याच पत्रात क्विंटसही आहे. तो आपणहून पुढे झाला आणि श्वापदे पाहताच कच खाऊन रोमन देवांना शरण गेला. म्हणून मंडळी बजावते, मरणाच्या अंगावर धावून जाऊ नका. पॉलिकार्प दोनदा लपले, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. जगण्यासाठी खोटे बोलायची वेळ आली, तेव्हा मात्र ते जागचे हलले नाहीत. माझ्या लेखी त्यांचे संतपण इथेच सिद्ध होते.