हृदयासाठी आलेलं औषध, स्तनातली गाठ आणि आपलं उपकेंद्र

मंडळी, 'अणुवैद्यकाने स्तनाचा कॅन्सर लवकर सापडतो' अशा बातम्या अधूनमधून फिरतात. त्या खोट्या नाहीत, पण अर्ध्या आहेत. पुढची गोष्ट आपल्या मुंबईत घडलेली आहे, म्हणून सगळी सांगतो.

१९३७ साली इटलीतल्या पालेर्मोमध्ये एमिलिओ सेग्रे यांच्याकडे अमेरिकेतल्या बर्कलीहून टपालाने मॉलिब्डेनमची एक पट्टी आली. सायक्लोट्रॉन यंत्रातला टाकाऊ तुकडाच तो. त्यातून सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी नवं मूलद्रव्य शोधलं, टेक्नेशियम. त्याचा एक किरणोत्सारी प्रकार दर सहा तासांनी निम्मा होतो. शरीरात फार रेंगाळत नाही आणि कॅमेऱ्याला मात्र दिसतो. अणुवैद्यकाचा तो कणाच झाला.

१९९० मध्ये टेक्नेशियमला जोडलेलं सेस्टामिबी हे औषध अमेरिकेत मंजूर झालं, तेही हृदयाचा रक्तपुरवठा बघायला! ते स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीतही साठतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि १९९७ मध्ये त्याही कामाला परवानगी मिळाली.

याची गरज का पडली? काही बायकांचे स्तन आतून दाट असतात. मॅमोग्राफीत दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. तांदळात पांढरा खडा शोधण्यासारखं ते. मेयो क्लिनिकने २०११ मध्ये अशा, जास्त धोका असलेल्या ९३६ बायकांचा अभ्यास छापला. कॅन्सर ११ जणींना होता. नुसत्या मॅमोग्राफीत ३ सापडल्या, जोडीला अणुतपासणी केल्यावर १०.

मग ही तपासणी सगळ्यांचीच का करत नाहीत? कारण औषध शिरेतून दिलं जातं, त्यामुळे किरणोत्सार सगळ्या शरीराला मिळतो, मॅमोग्राफीपेक्षा जास्त. कॅन्सर नसतानाही कधी संशय येतो, मग सुया आणि घोर. शिवाय गाठ जास्त सापडली म्हणजे जीव जास्त वाचले, असं आपोआप होत नाही. म्हणून ती मॅमोग्राफीच्या जोडीला, निवडक बायकांसाठी वापरतात.

आता मुंबई. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या १,५१,५३८ बायकांवर मोठी चाचणी केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासले. यंत्र नाही, इंजेक्शन नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतरच्या बायकांची अशी हाताने तपासणी आहेच. ती कागदावर होते की खरोखर, हे आपणच विचारायचं. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या उपकेंद्रात यंदा किती जणींची तपासणी झाली? संशय आलेल्या किती जणींना पुढे पाठवलं? त्यातल्या किती तिथे पोचल्या?

आणि घरात कुणाच्या हाताला गाठ लागली असेल, तर कुठल्याच शिबिराची वाट बघू नका. याच आठवड्यात डॉक्टरकडे घेऊन जा.