डिझेलमधल्या मेणाची वंशावळ

कडाक्याच्या थंडीत डिझेलची गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि आचके देत बंद पडते. ‘डिझेल गोठलं’ असं आपण म्हणतो. टाकीत डोकावलं तर डिझेल बहुतेक वेळा पातळच असतं, फक्त गढूळ झालेलं दिसतं. हा गढूळपणा मेणाचा. कच्च्या तेलातली सरळ साखळीची हायड्रोकार्बनं, म्हणजे पॅराफिन, ऊर्ध्वपातनात डिझेलच्या वाट्याला येतात आणि पारा उतरला की पातळ, चपट्या स्फटिकांच्या रूपात वेगळी होतात. हे स्फटिक फिल्टरच्या कागदावर एकावर एक थापले जातात आणि पंपाला डिझेल मिळेनासं होतं. सगळी टाकी थिजायलाही फार मेण लागत नाही. एकूण इंधनाच्या एक-दोन टक्के मेण वेगळं झालं तरी स्फटिकांचं जाळं तयार होऊन उरलेलं द्रव त्यात अडकून बसतं. यावर इलाज म्हणून डिझेलमध्ये जे अॅडिटिव्ह घालतात, ते घाटात अडकलेल्या ड्रायव्हरच्या गरजेतून निघालं असावं असं सहज वाटतं. त्याचा इतिहास पाहिला तर मूळ सापडतं ते रिफायनरीत. मेण काढून टाकणं परवडत नव्हतं, म्हणून ते आत ठेवूनच निरुपद्रवी करण्याची विद्या तिथे शोधली गेली.

परवडत का नव्हतं, हे आधी पाहायला हवं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन फवारलं की ते आपोआप पेटावं लागतं. हा गुण ज्या सीटेन अंकानं मोजतात, त्याच्या मोजपट्टीवर शंभराची खूण म्हणजे हेक्झाडेकेन, सोळा कार्बनांची सरळ साखळी. हेच हेक्झाडेकेन सुमारे 18 अंश सेल्सियसला घट्ट होतं. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटेसुद्धा ते शुद्ध स्वरूपात बाटलीत ठेवलं तर थिजेल. याचा अर्थ, डिझेलमध्ये जे उत्तम पेट घेतं तेच थंडीत सगळ्यात आधी दगा देतं. लांब साखळ्या काढून टाकाव्यात तर पेट घेण्याचा गुण उतरतो आणि एका पिंपातून निघणारं डिझेलही घटतं. रिफायनरीच्या हिशेबात दोन्ही तोटेच.

या पेचातून सुटण्याची पहिली वाट डिझेलमध्ये सापडली नाही, वंगणतेलात सापडली. वंगणतेलातलं मेण काढायला तेल थंड करून गाळावं लागे. हे काम खर्चाचं होतं आणि तरीही थोडं मेण मागे राहायचंच. 1931 मध्ये गार्लंड डेव्हिस यांना अमेरिकेत एका पदार्थाचं पेटंट मिळालं. क्लोरीन जोडलेलं मेण आणि नॅफ्थलीन यांच्या संयोगातून तो बनवलेला होता आणि पुढे ‘पॅराफ्लो’ या नावानं ओळखला गेला. तेलात तो अगदी थोडा घातला तरी तेल आधीपेक्षा बऱ्याच कमी तापमानापर्यंत वाहत राही. मेण तेवढंच, बाहेरही पडायचं तेवढंच. फक्त त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतेनासे झाले होते. मला या सगळ्या वंशावळीत हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते. तोवर मेणाचा प्रश्न किती मेण आहे याचा होता, तो आता मेणाचा आकार काय आहे याचा झाला.

घर तापवायचं तेल आणि डिझेल यांच्यासाठी मात्र वेगळी रसायनं लागली, कारण त्यांतल्या मेणाच्या साखळ्या वंगणतेलातल्यापेक्षा आखूड असतात. 1962 मध्ये एसो कंपनीच्या संशोधन शाखेला मिळालेल्या पेटंटनं इथिलीन आणि व्हिनाइल अॅसिटेट यांचा बहुलक पुढे आणला. ईव्हीए या नावानं तो आज आपल्या पायाखालीही असतो, कारण बुटांचे हलके तळवे याच कुळातल्या बहुलकाचे बनतात. डिझेलमधला ईव्हीए मात्र आखूड साखळीचा, तेलात विरघळणारा असतो. त्याचा इथिलीनचा भाग मेणाच्या साखळीसारखाच असल्यानं वाढत्या स्फटिकात बेमालूम बसतो, आणि अॅसिटेटचा भाग बाहेर डोकावत राहून पुढच्या साखळीची जागा अडवतो. मोठी चकती बनण्याऐवजी मग असंख्य बारीक सुया बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर ते एकाच इंधनाचे आहेत हे पटू नये, इतका फरक दिसतो. सुयांचा थरही फिल्टरवर बसतो, पण त्यातून डिझेल झिरपत राहतं. एवढं काम करायला दहा लाख भागांत काही शे भाग पुरतात.

मूळ रिफायनरीत असल्याचा मला सर्वांत भक्कम वाटणारा पुरावा एका चाचणीत आहे. पूर्वी डिझेल कोणत्या तापमानाला गढूळ होतं आणि कोणत्या तापमानाला वाहायचं थांबतं, एवढंच मोजत. अॅडिटिव्ह आल्यावर दोन्ही मापं फसवी ठरली. गढूळ होण्याचं तापमान जवळपास तेच राहिलं, वाहणं थांबण्याचं तापमान खूप खाली गेलं, आणि गाडी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बंद पडू लागली. म्हणून 1960 च्या दशकात युरोपात नवी चाचणी घडवली गेली. डिझेल थंड करत न्यायचं आणि दर अंशाला 45 मायक्रॉनच्या जाळीतून 20 मिलिलिटर ओढून पाहायचं. ज्या तापमानाला ते साठ सेकंदांत येईना, ते तापमान म्हणजे सीएफपीपी (कोल्ड फिल्टर प्लगिंग पॉइंट). युरोपचं आजचं ईएन 590 हे प्रमाण ऋतू आणि प्रदेशानुसार डिझेलचे जे वर्ग पाडतं, अधिक 5 पासून आर्क्टिक भागातल्या उणे 44 अंशांपर्यंत, ते याच मापावर. तयार इंधनाची मोजपट्टीच ज्या पदार्थामुळे बदलावी लागली, तो पदार्थ ड्रायव्हरच्या डब्यातली वरकड वस्तू कसा म्हणता येईल?

यावर आक्षेप येईल की ड्रायव्हर तर त्याही आधीपासून डिझेलमध्ये रॉकेल मिसळत होते. मग मूळ पुरुष तेच नव्हेत का? रॉकेल मिसळण्याची प्रथा जुनी आहेच, आणि काही जर्मन गाड्यांच्या पुस्तिकांत एकेकाळी ठरावीक प्रमाणात रॉकेल, क्वचित पेट्रोलही, मिसळायची मुभा असे. पण ते पातळ करणं झालं. त्यानं मेणाचं प्रमाण कमी होतं, स्फटिक जसे व्हायचे तसेच होतात. बदल्यात वंगण कमी होऊन पंप झिजतो, आणि पेट्रोल घातलं तर टाकीतली वाफ धोकादायक बनते. हे कूळ वेगळं, आणि आजच्या नाजूक, उच्च दाबाच्या इंजिनांत ते चालवू नये हे स्पष्टच सांगायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्प्रेरकानं सरळ साखळ्यांना फाटे फोडता येतात, मग अॅडिटिव्हची गरज काय? अतिथंड प्रदेशांसाठी तसं करतातही. पण त्याला वेगळं संयंत्र, हायड्रोजन आणि खर्च लागतो, आणि फाटे फुटले की सीटेन अंकही थोडा उतरतो. वर्षातले दोन-तीन महिने थंडी असलेल्या देशानं सगळ्या डिझेलवर हा संस्कार करणं शहाणपणाचं ठरत नाही. उरतो तो दुकानात मिळणाऱ्या अॅडिटिव्हच्या बाटलीचा प्रश्न. बाटलीतलं औषध खोटं असतं असं नाही. ते उशिरा घातलं जातं. स्फटिक बनत असतानाच बहुलक त्यात शिरतो, म्हणून डिझेल गढूळ होण्याआधी, कोमट असतानाच तो मिसळला पाहिजे. मेण फिल्टरवर बसल्यावर तेच औषध ओतून उपयोग नाही. तिथे ऊब द्यावी लागते किंवा मेण विरघळवणारं वेगळं द्रावण लागतं.

भारतात हा प्रश्न डोंगराळ उत्तरेचा. आयएस 1460 या प्रमाणानुसार हिवाळी डिझेलचा सीएफपीपी 6 अंशांपर्यंत चालतो, उन्हाळी डिझेलचा 18 पर्यंत. नाशिकहून कांदा भरून काश्मीरला निघालेला ट्रक इथलंच डिझेल टाकीत घेऊन चढला, तर बनिहालच्या अलीकडेच ते गढूळ होऊ शकतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये पानिपत रिफायनरीचं हिवाळी डिझेल आणलं, उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं. त्याआधी तिथल्या ट्रकवाल्यांना टाकीखाली शेकोटी पेटवावी लागे, आणि तो जिवाशी खेळ होता. आता नवा पेच जैवडिझेलचा आहे. 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के जैवडिझेल मिसळण्याचं देशाचं उद्दिष्ट आहे. पामतेलापासून केलेल्या जैवडिझेलमधलं मिथाइल पाल्मिटेट सुमारे 30 अंशांना घट्ट होतं, आणि त्याची घडण पॅराफिनपेक्षा वेगळी असल्यानं पॅराफिनसाठी बेतलेला ईव्हीए त्यावर तितका लागू पडत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या घडणीचे बहुलक लागतात, आणि ते कोणत्या मिश्रणाला किती घालायचे हे प्रत्येक रिफायनरीला आपल्या डिझेलवर तपासूनच ठरवावं लागतं.