कॉन्व्हेंटचे दार आणि जाईबाईंची शाळा

नागपुरात ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आता कोणाच्या मालकीचा राहिलेला नाही. उत्तर नागपुरातल्या कोणत्याही वस्तीत जा. दोन खोल्या, एक घसरगुंडी आणि दारावर पत्र्याची पाटी, एवढ्या भांडवलावर उभी असलेली बालवाडीसुद्धा स्वतःला कॉन्व्हेंट म्हणवून घेते. ‘पोरगी कॉन्व्हेंटले जाते’ असे बाई शेजारणीला सांगते, तेव्हा त्या कॉन्व्हेंटात एखादी ख्रिस्ती जोगीण असेल अशी कल्पनाही तिच्या मनात नसते. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, बूट-मोजे, टाय. म्हणजे आपल्या वाट्याला जे आले नाही ते पोरीच्या वाट्याला यावे ही इच्छा.

परंतु मूळ शब्दाचा अर्थ वेगळा आहे. व्रत घेऊन, लग्न न करता, एकत्र राहणाऱ्या स्त्रियांचे घर म्हणजे कॉन्व्हेंट. या स्त्रियांनी शाळा काढल्या म्हणून शाळेला घराचे नाव मिळाले. पुढे त्यांनी कॉलेजेही काढली. आपण शब्द घेतला, पण त्यामागच्या बायकांचा इतिहास वाचला नाही. मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक कृतज्ञतेचा, दुसरा संशयाचा. या दोन्ही सुरांत हिशेब मांडायचा राहून जातो. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात कॅथॉलिक धर्मभगिनींनी काय केले, कोणासाठी केले आणि आमच्या मुली त्यात कुठे होत्या, हा हिशेब येथे मांडायचा आहे.

बंद दारातून बाहेर पडलेल्या बायका

सोळाव्या शतकात, ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये संन्यासिनींना कडक बंदिवासाचा नियम लावला. स्त्रीने देवाला वाहून घ्यायचे असेल तर भिंतीआड राहूनच. ज्या स्त्रियांना रस्त्यावर उतरून आजाऱ्यांची सेवा करायची होती, मुलींना शिकवायचे होते, त्यांना या नियमातून वाट काढावी लागली. फ्रान्समध्ये ल पुई या गावी १६५० मध्ये सेंट जोसेफच्या भगिनींचा संघ निघाला तो अशीच वाट काढून. बाहेर काम करणाऱ्या अशा भगिनींच्या संघांना पूर्ण धार्मिक दर्जा द्यायला रोमला १९०० साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या बायकांनी जगभर शाळा उभारल्या, त्यांचे संन्यासिनीपणच त्यांच्या धर्मसत्तेने अडीचशे वर्षे अर्धवट मानले.

दुसरा संघ ‘सेक्रेड हार्ट’चा. तो १८०० मध्ये स्थापन करणारी मादलेन सोफी बारा ही पिंपे बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. धर्मगुरू होऊ घातलेल्या भावाने तिला घरी बसवून लॅटिन, ग्रीक शिकवले, म्हणून ती शिकली. ज्यांच्या घरात आपल्याआधी कोणी पुस्तक उघडले नव्हते, त्यांना या कारागिराच्या मुलीविषयी आपुलकी वाटावी हे साहजिक आहे. मलाही वाटते. पण इतिहास आपुलकीवर थांबत नाही. तिच्या संघाच्या नामांकित वसतिशाळांमध्ये युरोपातल्या सरदार-सावकारांच्या मुली शिकल्या. शेजारी गरिबांच्या मुलींसाठी मोफत शाळा असावी असा नियम होता आणि तो पाळलाही गेला. पण शाळा दोन होत्या, दारे दोन होती.

या संघाच्या आतही दोन पायऱ्या होत्या. शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरच्या भगिनी शिकवीत, प्रार्थनागीते म्हणत. शेतकरी-मजुरांच्या घरून आलेल्या भगिनी स्वयंपाक, धुणी, झाडलोट करीत. व्रत एक, छप्पर एक, मात्र काम जन्मघराच्या ऐपतीप्रमाणे. कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्यांची वाटणी वेगळी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. त्या दृष्टीने पाहिले तर ही दुसऱ्या प्रकारची वाटणी होती. १९६४ मध्ये या संघाच्या महासभेने हा भेद मोडून काढला आणि बंदिवासाचा नियमही रद्द केला. एका ठरावाने पायऱ्या मोडता आल्या, कारण संन्यासिनीची पायरी तिच्या लेकीला वारशाने जात नव्हती. जात तशी मोडत नाही. तरीही ज्यांनी आपल्या घरातली उतरंड नाव घेऊन मोडली, त्यांच्याशी बोलता येते.

कॉलेजे निघाली

भारतात भगिनींची कॉलेजे विसाव्या शतकात उभी राहिली. मंगळूरला अपोस्टोलिक कार्मेल संघाने १९२१ मध्ये सेंट ॲग्नेस कॉलेज काढले. मुंबईत सेक्रेड हार्टच्या भगिनींनी १९४० मध्ये सोफिया कॉलेज सुरू केले. मुंबईतच ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाने १९५५ मध्ये निर्मला निकेतन हे समाजकार्याचे कॉलेज काढले. हा संघ १७९० मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीने मठ बंद पाडले त्या काळात जन्मला, म्हणून त्याच्या भगिनी वेगळा पेहराव करीत नाहीत; साध्या बाईसारख्या समाजात वावरतात. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये नुवे येथे कार्मेल कॉलेज निघाले.

या कॉलेजांचे मोल कमी करण्याचे कारण नाही. येथे जमीन घेण्यापासून वेळापत्रक लावण्यापर्यंतचा कारभार बायकांच्या हाती होता. सोफियाच्या प्राचार्य राहिलेल्या सिस्टर अनिला वर्गीस यांनी विजयनगरच्या मंदिरांवर आणि धार्मिक परंपरांवर मान्यता पावलेले संशोधन केले. संन्यासिनीने दुसऱ्या धर्माच्या देवळांचा अभ्यास करावा आणि विद्वानांनी तो मानावा, ही गोष्ट कॉलेज या संस्थेने शक्य केली. निर्मला निकेतनमधून बाहेर पडलेले विद्यार्थी झोपडपट्ट्यांत, आदिवासी भागांत कामाला गेले.

पण ही सारी कॉलेजे मुंबई, मंगळूर, गोवा या किनाऱ्यावर. नागपूरच्या पोरीला सोफिया कॉलेज म्हणजे दुसरे जगच. मग नागपुरात काय होते?

नागपूरचा नकाशा

नागपूर भागात कॅथॉलिक मिशन वाढले ते कामठीच्या छावणीच्या आणि सिव्हिल स्टेशनच्या आधाराने. १८८७ मध्ये नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. भगिनींच्या शाळा प्रथम गोऱ्या शिपायांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलींसाठी होत्या. पुढे वकील, डॉक्टर, अधिकारी अशा हिंदी घरांतल्या मुली आल्या. ब्रिटिश काळातल्या कॉन्व्हेंटांचा साचा सर्वत्र सारखाच होता. फी भरणाऱ्यांसाठी इंग्रजी शाळा आणि आवाराच्या दुसऱ्या बाजूला अनाथालय. अस्पृश्याची मुलगी या आवारात शिरलीच तर दुसऱ्या बाजूने.

उच्च शिक्षणाचा नकाशाही असाच बोलका आहे. १८४५ मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये निघाले. विद्यापीठ १९२३ मध्ये आले. मुलींसाठी १९३२ मध्ये वूमेन्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढले, तेच आजचे एल. ए. डी. कॉलेज. कॅथॉलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज १९५६ मध्ये आले, ते फादर लोकांचे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. भगिनींचे नाव नागपुरात निघते ते शाळेच्या नावाने. आणि कॉलेजात कोण जाणार हे शाळेच्या दारावरच ठरत असते. म्हणून कॉलेजाचा इतिहास लिहायचा तर शाळेकडे वळावे लागते.

ग्रेगरीबाई आणि जाईबाई

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात ज्या स्त्रियांना काळोखातून बाहेर काढले, त्यांत नागपूरच्या जाईबाई चौधरी आहेत. १८९२ मध्ये उमरेडला जन्म. दुष्काळाने घर नागपूरला आणले, नवव्या वर्षी लग्न. जाईबाई डोक्यावर ओझी वाहून नेण्याची हमाली करीत. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी त्यांना पाहिले आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका म्हणून नेमले.

येथपर्यंतची कथा मिशनच्या अहवालात शोभेल अशी आहे. पुढचा भाग आपला आहे. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुले काढून घेतली, शाळेवर बहिष्कार टाकला आणि जाईबाईंची नोकरी गेली.

या प्रसंगात खलनायक शोधण्याची घाई करू नये. ग्रेगरीबाईंच्या मनात भेद नव्हता. असता तर त्यांनी हमाल बाईच्या हाती खडू दिलाच नसता. त्यांचा पंथ कोणता, हा प्रश्नही येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की, एका व्यक्तीचा चांगुलपणा जेथे संपला तेथे संस्थेची भीती सुरू झाली. शाळेपुढे प्रश्न होता : एक शिक्षिका गमवायची की पट गमवायचा? शाळेने पट राखला. प्रत्येक शिक्षणसंस्था केव्हा ना केव्हा या प्रश्नापुढे उभी राहते. ती कोणाला गमवायला भिते यावरून ती कोणाची आहे हे कळते.

जाईबाईंनी उत्तर दिले ते कृतीने. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. ज्या बाईला दुसऱ्यांच्या शाळेत खडू धरू दिला नाही, तिने स्वतःची शाळा उभी केली. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा जेवणाच्या वेळी याच जाईबाईंना सवर्ण भगिनींनी अस्पृश्यतेची वागणूक दिली. पंधरा वर्षे शाळा चालवलेल्या बाईची ही अवस्था! १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी सभा घेऊन निषेध केला. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया आल्या. त्यांच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क होता, गिरणीतल्या बायकांच्या सवलती होत्या, कायदेमंडळात प्रतिनिधित्व होते, आणि मुलींसाठी शिक्षण व वसतिगृहेही होती.

वसतिगृह या मागणीपाशी थांबले पाहिजे. पोरीला शिकायचे तर तिला राहायला जागा पाहिजे, जेवण पाहिजे, संध्याकाळी दिवा पाहिजे, आणि ‘बाप कोण, जात कोण’ असे विचारणार नाही अशी बाई पाहिजे. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात हेच. आमच्या आया-आज्यांनी सोफिया कॉलेजचे नाव ऐकले नव्हते, पण त्या कॉलेजाच्या पाठीमागचे खरे बळ कशात आहे हे त्यांनी १९४२ मध्ये अचूक ओळखले होते.

हिशेब

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या कामावर लिहिताना नेमके बोट ठेवले : कॉलेजे आणि दवाखाने यांवर मिशनांचा मोठा खर्च झाला, पण त्याचा लाभ मुख्यतः वरच्या जातींनी घेतला, ज्या अस्पृश्यांमधून ख्रिस्ती झाले, ते मागेच राहिले. ब्राह्मण शिकला की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा हिशेब त्यामागे होता. झिरपले नाही. वरचे भांडे मोठे होत गेले.

आमच्या मुली कॉलेजात पोचल्या त्या दुसऱ्या वाटेने. १९४४ पासूनची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालेले मिलिंद, १९६४ मध्ये दीक्षाभूमीवर निघालेले डॉ. आंबेडकर कॉलेज, ही ती वाट. याच नागपुरात कुमुद पावडे यांनी संस्कृतात एम. ए. केले, ज्या भाषेने त्यांच्या पूर्वजांच्या कानांना बंदी घातली होती त्या भाषेत.

आणि आज? घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. तो राहिला पाहिजे, विशेषतः आजच्या दिवसांत. पण ९३ व्या दुरुस्तीने आलेले कलम १५ (५) अल्पसंख्याक संस्थांना राखीव जागांच्या बंधनातून वगळते. म्हणजे भगिनींच्या कॉलेजात दलित मुलीला जागा मिळणे न मिळणे हे कायद्यापेक्षा त्यांच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहते. दलित ख्रिस्ती मुलीची कोंडी तर दुहेरी. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने तिला अनुसूचित जातींबाहेर ठेवले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतले, ती आजही बाहेर आहे. चर्चमध्ये जातिभेद चालतो हे भारताच्या कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणात कबूल केले आहे. कबुलीनंतर प्रवेशाची यादी बदलली पाहिजे. तो बदल मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

भगिनींच्या बाजूचीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अनुदानित संस्थेत शिकवणाऱ्या भगिनीचा पगार तिच्या हाती राहत नाही. दारिद्र्याच्या व्रताने तो संघाच्या खात्यात जातो. या पगारावर प्राप्तिकर कापावा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. व्रत घेतलेली व्यक्ती नागरी दृष्ट्या मृतवत असते, तिचे स्वतःचे उत्पन्न नसते, असा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कर कापण्याच्या बाजूने निकाल दिला. कराचा मुद्दा सोडून द्या. या वादातून कॉलेज कसे उभे राहते हे दिसते : शेकडो शिकलेल्या बायकांचे आयुष्यभराचे वेतन एका थैलीत जमा होते. ही थैली देणगीदाराची नाही, ती बायकांच्या श्रमाची आहे.

यातून आपण काय घ्यायचे? बुरखा नको, मठ नको, आज्ञापालनाचे व्रत तर नकोच. पण सामाईक थैली आणि मुलींचे वसतिगृह या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आज आपल्यात प्राध्यापिका आहेत, परिचारिका आहेत, बँकेत, रेल्वेत नोकरी करणाऱ्या बायका आहेत. पगाराचा ठरावीक हिस्सा एकत्र करून गडचिरोली, भंडारा, यवतमाळहून येणाऱ्या वीस मुलींचे एक घर नागपुरात चालवणे अशक्य नाही. १९४२ चा ठराव सरकारकडे मागणी करणारा होता. सरकारकडे ती मागणी चालू ठेवूनही आपला वाटा आपण उचलू शकतो.

आणि भगिनींकडे काय मागायचे? दया नको. अनाथालयाचे दार नको. पुढच्या दाराने प्रवेश हवा, आणि त्या दारातून आत आलेली मुलगी पुढे त्याच वर्गात खडू घेऊन उभी राहिली, तेव्हा काही पालकांनी मुले काढून नेली तरी तिला नोकरीवर ठेवण्याची तयारी हवी.

हीच कसोटी आपल्या संस्थांनाही लावायची आहे. बाबासाहेबांच्या नावाने निघालेल्या किती कॉलेजांत भरतीच्या वेळी पैसा बोलतो, आणि किती कॉलेजांत दलित बाई प्राचार्याच्या खुर्चीवर बसते, हे विचारायला आपण कचरतो. जाईबाईंना शाळेतून जावे लागले, कारण शाळेला पटाची भीती होती. आपल्या संस्थांना कशाची भीती आहे, हे त्यांच्या प्रवेशयाद्या आणि नेमणुकांचे कागद पाहून आपणच सांगायचे आहे.